न उलगडलेल्या खुनावर पॉडकास्ट करायचा तर: ठाणे–नवी मुंबईकरांसाठी कामाची टिपणं

पहिल्या सीझनसाठी प्रकरण निवडताना असा खून घ्या, ज्याचा खटला चालला आणि सगळे आरोपी निर्दोष सुटले. कारण सरळ आहे, निकालपत्र हातात येतं. त्यात फिर्याद, साक्षी, पंचनाम्यातल्या विसंगती आणि न्यायाधीशांना पुरावा का पटला नाही, हे सगळं एका जागी, परिच्छेदांना क्रमांक देऊन लिहिलेलं असतं. खून कोणी केला हे तरीही अनुत्तरितच राहतं. सुरुवात करणाऱ्या बहुतेक जोड्या मात्र वर्तमानपत्रात गाजलेलं, कधीच न्यायालयात न पोचलेलं प्रकरण उचलतात आणि तिसऱ्या एपिसोडला त्यांच्याकडे सांगायला कात्रणांपलीकडे काही उरत नाही. मग अंदाज सुरू होतात.

कागदाच्या हिशेबाने न उलगडलेले खून तीन प्रकारचे. पहिला हा, निर्दोष सुटकेचा. दुसरा 'ए समरी'चा. महाराष्ट्रात तपास थांबवताना पोलीस न्यायालयाकडे समरी मागतात. 'ए' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरेसा पुरावा मिळाला नाही. 'बी' म्हणजे फिर्यादच खोटी. 'सी' म्हणजे गैरसमजातून नोंदवलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. ए समरी झालेल्या खुनाला 'फाइल कायमची बंद' असं म्हणायचं नाही. खुनाच्या गुन्ह्याला मुदतीचं बंधन नाही आणि नवा पुरावा आला तर पुढचा तपास करता येतो. तिसरा प्रकार अनोळखी मृतदेहाचा. आधी अकस्मात मृत्यूची नोंद, शवविच्छेदनात इजा आढळल्यावर खुनाचा गुन्हा, आणि मृताची ओळखच न पटल्याने सगळं तिथेच अडलेलं. हा प्रकार ऐकायला सर्वांत गूढ आणि करायला सर्वांत अवघड. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

हद्द आधी, गोष्ट नंतर

आपल्या भागात हद्दी इतक्यांदा बदलल्या आहेत, की चुकीच्या कार्यालयात अर्ज टाकून महिना वाया जाणं ही नेहमीची गोष्ट. ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१ चं, नवी मुंबईचं १९९४ चं, मिरा-भाईंदर, वसई-विरारचं २०२० चं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. म्हणजे २००५ मधला नालासोपाऱ्याचा खून कात्रणांत 'ठाणे जिल्हा' म्हणून सापडेल, तेव्हाचा तपास ठाणे ग्रामीण पोलिसांचा असेल आणि आज ते पोलीस ठाणं तिसऱ्याच आयुक्तालयात असेल. १९९० सालची वाशीची घटना शोधताना 'नवी मुंबई पोलीस' हे शब्द टाकून काही मिळणार नाही, कारण ते आयुक्तालयच तेव्हा नव्हतं. इंग्रजी जुनी कात्रणं चाळताना 'ठाणा' हे जुनं स्पेलिंगही टाकून बघा.

आणखी दोन खाचखळगे. पनवेल, खारघर नवी मुंबई पोलिसांकडे, पण जिल्हा रायगड. त्यामुळे ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या खटले शोधायच्या संकेतस्थळावर) ठाणे जिल्हा निवडून पनवेलचा खटला शोधलात तर 'नोंद नाही' असंच उत्तर येणार. आणि रुळांवर किंवा फलाटावर सापडलेला मृतदेह लोहमार्ग पोलिसांचा. त्यांचं आयुक्तालय मुंबईचं, ठाणे शहर पोलिसांना विचारून उपयोग नाही.

खाडीच्या प्रकरणात तर मृतदेह कुठे सापडला आणि खून कुठे झाला याची सांगड घालायची घाईच नको. ठाण्याच्या खाडीत दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते. रेतीबंदरला सापडलेला देह कुठून वाहत आला, हे ठरवायला पाण्याचा आणि वेळेचा अभ्यास लागतो, दोन होस्टचा तर्क नाही. मृत्यूची वेळही तशीच. उकाडा, दमटपणा, पाण्यात किती वेळ होता, या सगळ्यांनी अंदाज हलतो. शवविच्छेदन अहवालात जो कालावधी दिला असेल तोच सांगा, 'म्हणजे रात्री साडेअकराला' अशी काटछाट करू नका.

कागद कुठून मिळतात

ई-कोर्ट्सवर पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि साल टाकून खटला शोधता येतो. सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक, सापडला की तो वहीत सर्वांत वर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच चालतं. निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारने उच्च न्यायालयात अपील केलं आहे का, हे त्याच दिवशी तपासा. अपील प्रलंबित असेल तर प्रकरण न्यायप्रविष्ट आहे आणि तुमची भाषा बदलायला हवी. जुन्या खटल्यांचे निकाल ऑनलाइन नसतात. तिथे खटल्यातला पक्ष नसलेल्यालाही कारण देऊन नक्कल अर्ज करता येतो, पण तो मंजूर करायचा की नाही हे न्यायालय ठरवतं. वकिलामार्फत केलेला अर्ज लवकर हलतो, एवढं लक्षात असू द्या.

एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं. संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले. त्याआधीची प्रकरणं तिथे शोधत बसू नका. दोषारोपपत्र मात्र सार्वजनिक दस्तऐवज नाही, हे याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. 'आमच्या हाती दोषारोपपत्र लागलं आहे' असं मोठ्या आवाजात सांगणाऱ्या एपिसोडला पुढचा प्रश्न येतो तो म्हणजे कोणी दिलं?

माहिती अधिकार हे ए समरीच्या प्रकरणातलं मुख्य हत्यार. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'या खुनाची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की नकार ठरलेला. असं लिहा:

'अमुक पोलीस ठाणे, गु.र.क्र. अमुक/२००३, भा.दं.वि. कलम ३०२. या गुन्ह्याबाबत पुढील माहिती मिळावी: १) तपासाची सद्यस्थिती. २) समरी मागितली असल्यास तिचा प्रकार, दिनांक व न्यायालयाचे नाव. ३) समरी मंजुरीच्या आदेशाची प्रत. ४) त्यानंतर पुढील तपास झाला असल्यास त्याचा दिनांक.'

नकार बहुधा कलम ८(१)(एच) खाली येतो, म्हणजे तपासात अडथळा येईल म्हणून. नुसता तपास सुरू आहे हे कारण पुरत नाही, अडथळा कसा येईल हे सांगावं लागतं, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल आहे. पहिल्या अपिलात त्याचा उल्लेख करा. अपिलाची मुदतही ३० दिवसांचीच. आणि घटना वीस वर्षांहून जुनी असेल तर कलम ८(३) वाचून जा. त्यात ८(१)(एच) चा अडसर उरत नाही. बरेच अर्जदार हे कलम वापरतच नाहीत.

कात्रणांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९३) आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय इथे आधी फोन करून कोणत्या वर्षांच्या फायली उपलब्ध आहेत ते विचारा. एका घटनेची किमान दोन वर्तमानपत्रं वाचा, आणि केवळ पहिल्या दिवसाची नाही. पहिल्या दिवशीचं वय, वेळ आणि हत्यार चौथ्या दिवशी बदललेलं असतं. 'काल मध्यरात्री' हा शब्दप्रयोग खास धोक्याचा, कारण त्यातून तारीख एका दिवसाने सरकते आणि तुमचा सगळा घटनाक्रम वाकडा होतो.

तक्ता आणि तीन रंग

लिहायला बसण्याआधी एक तक्ता करा. रकाने सहा: तारीख, वेळ, काय घडलं, कोणत्या कागदात, पान किंवा परिच्छेद, आणि हे कोणी सांगितलं. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. 'मयत सातला घरातून निघाला' हे पंचनाम्यात असलं तरी ते सांगितलंय त्याच्या भावाने, आणि भावाने ते शेजाऱ्याकडून ऐकलेलं असू शकतं.

मग संहितेतलं प्रत्येक वाक्य तीनपैकी एका रंगात रंगवा. हिरवा म्हणजे नोंद, पिवळा म्हणजे कोणाचा तरी दावा, लाल म्हणजे तुमचा अंदाज. उदाहरण मुंबईचंच घेऊ. सायन–किंग्ज सर्कल भागात १९८५ ते १९८७ या काळात फुटपाथवर झोपलेल्यांचे डोक्यात दगड घालून खून झाले आणि मारेकरी सापडला नाही, हे हिरवं. १९८९ मध्ये कोलकात्यात तशाच पद्धतीने झालेले खून त्याच माणसाने केले, हे पिवळं. तो बोलला गेलेला दावा आहे, सिद्ध झालेला नाही. एवढा दगड उचलतो म्हणजे माणूस धिप्पाड असणार, हे लाल. रेडिओवर तिन्ही वाक्यं एकाच सुरात म्हटली की ऐकणाऱ्याला तिन्ही सारखीच खरी वाटतात. म्हणून पिवळ्या वाक्यात दावा करणाऱ्याचा उल्लेख वाक्याच्या सुरुवातीला ठेवा, शेवटी नाही. 'पोलिसांनी न्यायालयात सांगितलं, की…' असं. लाल वाक्यं एका तीस मिनिटांच्या एपिसोडमध्ये चार-पाचच्या वर गेली तर तुमच्याकडे एपिसोडइतका मजकूर नाही, असं समजा.

सरकारी मराठी जशीच्या तशी वाचू नका. 'सदर इसम हा मयत अवस्थेत मिळून आला' याचं 'तो मृतावस्थेत सापडला' करा. पण बदल करताना अर्थ चढवू नका. 'जखमा आढळल्या'चं 'क्रूरपणे भोसकलं' करणं म्हणजे हिरवं वाक्य गुपचूप लाल करणं.

लांबीचा हिशेब असा: सावकाश मराठी निवेदनात मिनिटाला ११० ते १३० शब्द बसतात. तीस मिनिटांना साडेतीन हजार शब्द पुरे. मुलाखतींचे तुकडे असतील तर त्याहून कमी.

कायद्याच्या चार जागा, जिथे पाय घसरतो

लैंगिक अत्याचार असलेल्या खुनात पीडितेचं नाव सांगता येत नाही, ती हयात नसली तरी. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ (आधीचं २२८-अ) आणि सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१८ चा निकाल दोन्ही स्पष्ट आहेत. नाव गाळणं पुरत नाही. कॉलेज, सोसायटी, वडिलांचा व्यवसाय आणि गाव, यांतल्या तीन गोष्टी एकत्र आल्या की आख्ख्या कळव्याला कळतं कोण ते. प्रकरणात अल्पवयीन कोणी असेल, पीडित किंवा आरोपी, तर तीच काळजी घ्या.

बदनामीत 'आम्ही खरं तेच बोललो' हा बचाव फौजदारी कायद्यात अर्धाच आहे. खरं असण्याबरोबर ते सार्वजनिक हिताचंही असावं लागतं. मृत व्यक्तीची बदनामीही होऊ शकते, तिच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर. म्हणून चौकशीला बोलावून सोडून दिलेल्या माणसाचं नाव घेऊच नका, त्या वेळच्या वर्तमानपत्राने छापलं असलं तरी. वर्तमानपत्राचं कात्रण तुम्हाला संरक्षण देत नाही. आणि तो माणूस कुठल्या तरी दूरच्या देशात राहत नाही, दोन स्टेशनं सोडून राहतो, त्याची मुलं तुमच्या ऐकणाऱ्यांच्या वर्गात असतात.

निर्दोष सुटलेल्याबद्दल 'तांत्रिक कारणांवरून सुटला' असं म्हणायची सवय फार पसरली आहे. निकालात तसं लिहिलं असेल तर तो परिच्छेद वाचून दाखवा. नसेल तर 'निर्दोष मुक्त' एवढंच. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा धरला जात नाही, तेव्हा 'त्याने कबुली दिली होती' हे वाक्यही त्या माहितीशिवाय जाऊ देऊ नका.

चौथी जागा प्रलंबित खटल्याची. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये माध्यमांना ज्या गोष्टी टाळायला सांगितल्या त्या यादीत साक्षीदारांच्या मुलाखती, पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाची प्रसिद्धी, घटनेचं नाट्य रूपांतर आणि आरोपीच्या चारित्र्यावर टिप्पणी या गोष्टी आहेत. ती यादी भिंतीवर चिकटवा, पॉडकास्टला ती लागू आहे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. ऑस्ट्रेलियात १९८२ मध्ये बेपत्ता झालेल्या एका विवाहितेच्या प्रकरणावर २०१८ मध्ये गाजलेला पॉडकास्ट आला. पतीवर खटला उभा राहिल्यावर तो पॉडकास्ट त्या देशात उतरवावा लागला, आणि खटला ज्युरीशिवाय एकट्या न्यायाधीशापुढे चालला. २०२२ मध्ये शिक्षा झाली खरी, पण साक्षीदारांच्या आठवणी पॉडकास्टने रंगवल्या आहेत का, यावर बचाव पक्षाने भरपूर वेळ घेतला. साक्षीदाराशी बोलणार असाल तर त्याला तुमचा आधीचा एपिसोड ऐकवू नका आणि 'त्याच्या हातात सुरा होता ना?' असे उत्तर भरलेले प्रश्न विचारू नका. 'तुम्ही काय पाहिलंत?' विचारा आणि गप्प बसा.

कुटुंबाकडे जाताना

थेट दारात जाऊ नका, आणि पुण्यतिथीच्या आठवड्यात तर मुळीच नको. ओळखीच्या माणसाकडून किंवा वकिलाकडून निरोप पाठवा, आठ-दहा दिवस वाट पाहा. नकार आला तर एकदाच विचारून विषय संपवा. त्या प्रकरणावर कागदांच्या आधारे तरीही काम करता येतं, पण घरातले तपशील मग वापरू नका. होकार आला तर पहिल्या भेटीत रेकॉर्डर बाहेर काढायचा नाही. दुसऱ्या भेटीत रेकॉर्डिंग सुरू करून परवानगी पुन्हा तोंडी घ्या, 'केव्हाही थांबवता येईल, प्रसारणाआधी तुमचा भाग ऐकवू' हे वाक्य त्यातच येऊ द्या. काकू, दादा, ताई असं म्हणणं आपोआप येतं, ते ठीक आहे. पण 'तुमची मुलगी मला बहिणीसारखी' वगैरे बोलू नका. पैसे देऊ नका, न्याय मिळवून देण्याचं आश्वासन तर नकोच.

आवाज

घोडबंदर रोडच्या कडेच्या फ्लॅटमध्ये कंडेन्सर माइक घेणं म्हणजे रात्रभर ट्रकांचं रेकॉर्डिंग करणं. डायनॅमिक माइक घ्या, यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही असलेला मिळाला तर पुढे इंटरफेस घेतल्यावरही तोच चालतो. तोंडापासून चार बोटं अंतर, किंचित तिरपा, पुढे पॉप फिल्टर. पंखा, एसी, फ्रिज बंद. मे महिन्यात हे पंधरा मिनिटांवर सहन होत नाही, म्हणून पंधरा-पंधरा मिनिटांचेच टप्पे ठेवा. कपाट उघडं ठेवून कपड्यांकडे तोंड केलं तर खोलीचा घुमारा बराच मरतो, दुलई मागे टांगली तर आणखी. पावसाळ्यात वरच्या मजल्यावर पत्र्याची शेड असेल तर तो आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने निघत नाही, त्या दिवशी रेकॉर्डिंग रद्द करा.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह. मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा लागते. पातळीची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला तीस सेकंद कोणी न बोलता नुसत्या खोलीचा आवाज घ्या, कापाकापीच्या जागा बुजवायला तोच लागतो. लॅपटॉप चार्जरवर असताना 'हूं' असा सूर आला तर अर्थिंगची भानगड आहे. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) ८० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालची घरघर कापणारा फिल्टर, लावा, नॉइज रिडक्शन ६ ते ९ डेसिबलच्या वर नेऊ नका, नाहीतर 'स' आणि 'श' पाण्यातून आल्यासारखे ऐकू येतात. शेवटी लाउडनेस: मोनोसाठी उणे १९, स्टिरिओसाठी उणे १६ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पातळीचं एकक). ऑडॅसिटीचा मूळ आकडा उणे २३ असतो, तो बदलायला विसरलं की लोकलमधल्या श्रोत्याला काही ऐकू येत नाही. ९६ केबीपीएस मोनो एमपी३ केली तर तीस मिनिटांची फाइल २१-२२ एमबी होते. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर मृताचा फोटो नको, रक्ताचे शिंतोडे तर नकोच नको.

किंकाळ्या, धावणारी पावलं, हॉरर संगीत वगळा. घटनास्थळाचा आवाज हवा असेल तर खाडीकाठी पहाटे जा, पण कोणाच्या घराकडे, दुकानाकडे बोट दाखवत चालू नका.

चर्चेचा एपिसोड आणि श्रोत्यांचा गट

दोघांनी गप्पा मारायचा एपिसोड सर्वांत सोपा वाटतो आणि तिथेच सगळं ढासळतं, कारण समोर संहिता नसते. म्हणून गप्पांनाही तक्ता समोर हवा. एकाचं काम मांडायचं, दुसऱ्याचं काम दर पाच मिनिटांनी विचारायचं, 'हे कुठे लिहिलंय?' हा दुसरा माणूस खडूस असला तर उत्तम. जास्तीत जास्त तीन शक्यता घ्या आणि प्रत्येकीबद्दल तिच्या विरोधातला पुरावाही सांगा. 'तुम्हाला काय वाटतं, कोणी केलं?' हा प्रश्न श्रोत्यांना विचारू नका. 'या जबाबातली कोणती वेळ तुम्हाला जुळत नाही?' हा विचारा. पहिल्याला नावं येतात, दुसऱ्याला कधी कधी खरोखर उपयोगी उत्तर येतं, म्हणजे त्या साली शेवटची बस कितीला सुटायची वगैरे.

व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम गट असेल तर संदेश मंजुरीनंतरच दिसतील अशी सोय ठेवा. नियम तीनच पुरे. जिवंत माणसाचं नाव नाही, कोणाच्या प्रोफाइलची लिंक किंवा फोटो नाही, कोणाच्या घरी जाऊन 'बघून येणं' नाही. पहिल्या उल्लंघनालाच बाहेर.

कोणी खरी माहिती घेऊन आलं तर ती पडताळायला स्वतः जाऊ नका आणि एपिसोडसाठी राखूनही ठेवू नका. संदेश जसा आला तसा जतन करा, तारीख-वेळेसह, आणि संबंधित पोलीस ठाण्यात लेखी द्या. पोच घ्या. देणाऱ्याला आधी सांगा, की आपण ती पोलिसांकडे देणार आहोत. त्याची हरकत असेल तर त्याने स्वतः द्यावी. आत्ता कोणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर लगेच ११२.

चूक सापडली तर मूळ फाइल बदलून गप्प बसू नका. दुरुस्ती पुढच्या एपिसोडच्या पहिल्या मिनिटात सांगा, वर्णनात तारखेसह लिहा आणि चुकीचा भाग मूळ एपिसोडमधून कापा. नाव चुकून गेलं असेल तर मात्र एपिसोड त्याच तासाला उतरवा. काही ॲपमध्ये जुनी फाइल डाउनलोड झालेली राहतेच, म्हणून प्रसारणाआधी तिसऱ्या माणसाकडून, ज्याने प्रकरण अजिबात वाचलेलं नाही अशाकडून, फक्त नावं आणि पत्ते ऐकायला एक फेरी करून घ्या.